सुरतेच्या डॉक्टरीणबाई

१८९५ साली सुरतेतील स्त्रियांच्या इस्पितळाची सूत्रे तीस वर्षांच्या एका मराठी डॉक्टरीणबाईंनी हाती घेतली. विलायतेत वैद्यकी शिकून आलेली एतद्देशीय स्त्री ही त्या काळी अपूर्वाईचीच गोष्ट होती. मात्र वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना या बाईंचे नाव त्याआधी दहा वर्षांपासून परिचयाचे होते. नवऱ्याकडे नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयाने ज्यांना दिला आणि ज्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखवली, त्याच या रखमाबाई.

त्या खटल्याने रखमाबाईंचे नाव इतिहासात कायमचे नोंदले गेले. स्त्रियांच्या संमतीचा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तेव्हा त्यांची आठवण होते. पण खटला चालला चार वर्षे आणि त्यांची रुग्णसेवा चालली पस्तीस वर्षे. त्यांतली वीसहून अधिक वर्षे त्या तापीकाठच्या या शहरात राहिल्या. कायद्याच्या बळावर माणसाला कोंडून घालता येते, याचा अनुभव घेतलेल्या या स्त्रीने पुढे अशा जागी काम केले, जिथे येणारी प्रत्येक बाई स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या विश्वासाने यावी लागत होती. त्यांच्या आयुष्याचे हे दोन भाग एकत्र ठेवून पाहिले, तरच त्यांच्या कामाचे मोल ध्यानात येते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. सुतार ज्ञातीतले हे कुटुंब सुस्थितीतले होते. जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी विवाह केला आणि पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामवंत वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास मंडळाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. रुग्ण, औषधी आणि ग्रंथ यांचा राबता असलेल्या घरात रखमाबाई वाढल्या. सावत्र वडिलांनी या मुलीला विद्येची गोडी लावली.

तरीही रूढीपुढे त्या घराचे फारसे चालले नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी सखाराम अर्जुनांच्या नात्यातले. त्यांनी सासरच्या घरी राहावे, शिकावे आणि संसाराला लायक व्हावे, अशी अपेक्षा होती. शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. ते आपल्या मामांकडे राहू लागले, प्रकृती ढासळली, कर्ज वाढले. इकडे रखमाबाई माहेरीच होत्या. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच इंग्रजीचा अभ्यास चालवला. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाज यांच्या बैठकांना त्या आईबरोबर जात. वयात आल्यावर त्यांनी ठरवले की, अजाणतेपणी बांधल्या गेलेल्या या गाठीला आपली संमती नव्हती आणि पुढेही असणार नाही.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत नोटीस पाठवली आणि त्यानंतर पत्नीने नांदायला यावे म्हणून दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, ही इंग्लंडच्या कायद्यातून आलेली गोष्ट आहे, आणि बालपणी लग्न लागलेल्या, कधीही एकत्र न राहिलेल्या स्त्रीला बळाने नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्या कायद्यातही बसत नाही, असे त्यांच्या निकालाचे तात्पर्य होते. या निकालाने खळबळ माजली. आपल्या धर्मात परक्या न्यायाधीशांनी हात घातला, अशी सनातनी आणि अनेक राष्ट्रवादी पुढाऱ्यांची तक्रार होती. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनीही रखमाबाईंच्या विरोधात बाजू मांडली. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच वर्षी एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर मुंबईच्या इंग्रजी दैनिकात आलेली पत्रे खुद्द रखमाबाईंनीच लिहिली होती, हे पुढे उघड झाले. सखाराम अर्जुन मात्र त्यांना धीर द्यायला उरले नव्हते. एप्रिल १८८५ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी महिन्याभरात नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद भोगावी, असा आदेश दिला. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी रुग्णसेवेला आरंभ होण्यापूर्वीच पुण्यात निवर्तल्या, त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मराठी स्त्रियांच्या नव्या पिढीतली एक अशी गेली आणि दुसरीपुढे तुरुंगाचे दार उघडे होते. रखमाबाईंनी न्यायालयाला कळवले की, कायदा देईल ती जबर शिक्षा आपण भोगू, पण तिथे जाणार नाही.

या प्रकरणात एक विसंगती अशी होती की, ज्या देशाच्या कायद्यावर हा दावा उभा होता, त्या देशातच ही शिक्षा नुकतीच रद्द झाली होती. तीही एका स्त्रीच्या लढ्यामुळे. जॉर्जिना वेल्डन या गायिकेला तिच्या पतीने १८७८ साली वेडी ठरवून खासगी वेडखान्यात टाकण्याचा घाट घातला होता. डॉक्टरांचे दाखले तयार होते, तिला न्यायला माणसेही दारात आली होती. ती निसटली आणि पुढे तिने पतीवर आणि डॉक्टरांवर खटल्यांमागून खटले भरले. पतीने आपल्याला घरात घ्यावे म्हणून तिनेच नांदण्याचा दावा लावला, तो जिंकला आणि पती तो हुकूम मानीना, तेव्हा त्याला तुरुंगात पाठवण्याची वेळ आली. नवऱ्यावर कैदेची पाळी येताच पार्लमेंट जागे झाले आणि १८८४ साली कायदा करून अशा प्रकरणातील तुरुंगवास काढून टाकण्यात आला. हिंदुस्थानात मात्र जुनी तरतूद तशीच राहिली. त्याच १८८४ साली रखमाबाईंना नोटीस मिळाली होती. बायकोला वेडखान्यात घालणे आणि बायकोला तुरुंगात घालणे, हे दोन्ही मार्ग त्या काळच्या कायद्याला किती सहज उपलब्ध होते, हे या दोन प्रकरणांवरून दिसते.

रखमाबाईंना प्रत्यक्षात तुरुंगात जावे लागले नाही. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी एक समजूत पुढे रूढ झाली, पण प्रकरण मिटले ते तडजोडीने. जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे मान्य केले. विवाह कायद्याने मोडला नाही, पण रखमाबाई मोकळ्या झाल्या. या खटल्यावर झालेल्या चर्चेचा परिणाम पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर झाला. त्या कायद्याने मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले.

मुंबईच्या कामा इस्पितळाच्या डॉ. एडिथ पीची या त्यांच्या पुढच्या वाटचालीतील मोठ्या आधार होत्या. एडिनबरा विद्यापीठात वैद्यकी शिकण्यासाठी झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी त्या एक. मुंबईत आल्यावर त्यांनी स्त्रियांवर उपचार करण्याबरोबर परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय केली, कारण डॉक्टर कितीही चांगला असला तरी दिवसरात्र खाटेजवळ असते ती परिचारिका, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या प्रोत्साहनाने आणि इंग्लंडमधील हितचिंतकांच्या मदतीने रखमाबाई १८८९ साली बोटीने निघाल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तेव्हा त्या विद्यालयाच्या प्रमुख होत्या. रॉयल फ्री इस्पितळात प्रत्यक्ष रुग्णांमध्ये शिक्षण झाले. १८९४ साली स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परवाना परीक्षा उत्तीर्ण होऊन आणि ब्रुसेल्स येथून एम.डी. ही पदवी मिळवून त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला.

रखमाबाई लंडनला होत्या तो काळ शुश्रूषेच्या इतिहासातही महत्त्वाचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली सुरू केलेल्या शाळेमुळे सर्वसाधारण इस्पितळांतील परिचारिकेला शिक्षण आणि मान मिळू लागला होता. वेडखान्यांत मात्र रुग्णांची देखभाल करणारे अजून रखवालदारच म्हणवले जात. किल्ल्यांचा जुडगा सांभाळणे, दारे बंद आहेत की नाहीत ते पाहणे, रुग्ण अनावर झाल्यास त्याला धरून ठेवणे, ही त्यांची कामे. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १८८५ साली या रखवालदारांसाठी एक पाठ्यपुस्तिका काढली आणि १८९१ पासून त्यांच्या रीतसर परीक्षा घेण्यास सुरुवात केली. रुग्णाचे म्हणणे ऐकणे, त्याला खाऊपिऊ घालणे, झोपेची आणि स्वच्छतेची काळजी घेणे, त्याला बळाने आवरण्याऐवजी शांत करणे, हीदेखील शिकण्याची विद्या आहे, हे त्यातून मान्य झाले. मनोरुग्णांच्या परिचारिकेचा व्यवसाय इथून आकाराला येऊ लागला. ज्याला मदतीची गरज आहे, त्याच्यावर पहारा ठेवायचा की त्याचा विश्वास मिळवायचा, हा त्यामागचा मूळ प्रश्न होता. सुरतेत रखमाबाईंपुढे वेगळ्या रूपात तोच प्रश्न उभा राहिला.

मायदेशी आल्यावर रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाची जबाबदारी स्वीकारली. सुरत हे जरीकामाचे, रेशमाचे, पेढ्यांचे आणि जुन्या घराण्यांचे शहर. हिंदू, जैन, पारशी, बोहरी, मुसलमान अशी नाना तऱ्हेची वस्ती आणि प्रत्येक जमातीचे सोवळेओवळे, पडदा आणि रीतिरिवाज वेगळे. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत आणि दायणीच्या हातून व्हायचे. बाळंतीण विटाळाची म्हणून तिला जुनेपाने कपडे आणि मोडकी बाज मिळायची. पुरुष डॉक्टरने तपासणे बहुतेक घरांना अमान्य होते. व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीने १८८५ साली उभारलेल्या निधीतून आणि स्थानिक दात्यांच्या देणग्यांतून देशभर स्त्रियांची इस्पितळे निघाली ती याच कारणाने. पण इमारत बांधली म्हणून रुग्ण येतोच असे नाही. इस्पितळ ही लोकांच्या लेखी मरायला जाण्याची जागा होती. तिथे परजातीच्या हातचे पाणी, अनोळखी खाट आणि घरच्या माणसांची ताटातूट. ज्या बाईने उभ्या जन्मात एकटीने उंबरठा ओलांडला नाही, तिने तिथे का जावे?

रखमाबाईंच्या हाती तिला आणण्यासाठी कोणताही कायदा नव्हता. बाईंची भाषा मराठी, शहराची गुजराती. त्यातून नवऱ्याशी भांडलेली म्हणून गाजलेले नाव. अशा स्थितीत त्या सुरतेत टिकल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ टिकल्या, हीच त्यांच्या कामाची मोठी साक्ष. स्त्रियांच्या इस्पितळाचा कारभार म्हणजे केवळ शस्त्रक्रिया आणि औषधपाणी नव्हे. कोणाच्या हातचे जेवण कोणाला चालते, सोबत आलेल्या सासूला कुठे बसवायचे, पडद्यातल्या बाईला कसे तपासायचे, अडलेल्या बाळंतिणीला उशिरा का आणली म्हणून घरच्यांवर न रागावता पुढल्या वेळी ती लवकर कशी येईल, हे सारे त्यात येते. परिचारिका, सुइणी आणि वॉर्डातील आया यांच्यावाचून यातले काहीच शक्य नव्हते. सुशिक्षित घरांतील मुली हे काम हलके समजत. विधवा आणि गरीब घरांतील स्त्रियांना मात्र त्यातून पोट भरण्याचे आणि मानाने जगण्याचे साधन मिळू लागले.

रखमाबाई सुरतेत येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच प्लेगचे संकट आले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्रकट झालेली ही साथ पाहता पाहता पश्चिम किनाऱ्यावर पसरली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना अमर्याद अधिकार दिले. घरांच्या झडत्या, रुग्णांना उचलून छावण्यांत नेणे, स्टेशनावर प्रवाशांची तपासणी. परपुरुषाने काखेत आणि जांघेत गाठी चाचपणे हे स्त्रियांना मरणप्राय होते. पुण्यात या सक्तीचा उद्रेक होऊन जून १८९७ मध्ये रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. अशा वेळी स्त्री डॉक्टरची गरज कधी नव्हे इतकी भासली. शहरे ओस पडत होती, ज्यांना शक्य होते ते गाव सोडून जात होते. रखमाबाई आपल्या कामावर राहिल्या. पाठोपाठ संवत १९५६ चा, गुजरातेत छप्पनिया म्हणून ज्याची आजही आठवण काढली जाते तो भीषण दुष्काळ आला. त्यांच्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

प्लेगच्या छावणीप्रमाणेच लोकांच्या मनात धडकी भरवणारी दुसरी सरकारी जागा म्हणजे वेडखाना. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद अशा ठिकाणी ही आवारे होती आणि १९०१ साली ठाण्यात नौपाड्याला नवे इस्पितळ उभे राहिले. त्यांचा कारभार १८५८ च्या कायद्याने चाले. पोलिसांनी रस्त्यावर भटकताना धरलेला किंवा दंडाधिकाऱ्याने पाठवलेला माणूस तिथे जाई. देशातील अनेक वेडखाने तुरुंगांच्या महानिरीक्षकांच्या हाताखाली होते. १९०५ च्या सुमारास ते वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आले, १९१२ साली नवा कायदा झाला आणि १९२० साली वेडखाना हे नाव जाऊन मनोरुग्णालय हे नाव आले. नाव बदलले तरी कित्येक वर्षे वॉर्डात काम करणारा माणूस शिकलेला परिचारक नसून पहारेकरीच राहिला. या आवारांत स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी कमी होत्या. त्याचा अर्थ त्यांना मनाचे दुखणे नव्हते असा नव्हे. बाळंतपणानंतर होणारा भ्रम वैद्यकाच्या पुस्तकांत तेव्हाही नोंदलेला होता. पण घरात त्याला भूतबाधा म्हणत, देवऋषी बोलावत किंवा बाईला मागच्या खोलीत कोंडून ठेवत. वेडखान्याच्या फाटकाकडे कोणी वळत नसे आणि सर्वसाधारण दवाखान्यात तिला कोणी नेत नसे. सुरतेचे इस्पितळ मनोरुग्णांसाठी नव्हते. तरीही न घाबरवता तपासणारी आणि नवऱ्याच्या वा सासूच्या माघारी ऐकून घेणारी स्त्री डॉक्टर असणारी जागा त्या काळच्या स्त्रियांना फार थोड्या ठिकाणी मिळत होती आणि सुरत हे त्यांतले एक ठिकाण होते.

१९०४ साली दादाजी वारले. ज्या नात्याला नकार देण्यासाठी रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करायची तयारी ठेवली होती, त्या नात्याचे वैधव्य मात्र त्यांनी स्वीकारले आणि विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र नेसू लागल्या. पाहणाऱ्यांना हे कोडे वाटले. हिंदू रीतीभातींशी त्यांचे भांडण कधीच नव्हते. आपल्या संमतीवाचून आपल्या देहाचा निर्णय दुसऱ्याने करावा, एवढेच त्यांना नामंजूर होते. १९०७ साली सुरतेत वनिता विश्राम ही संस्था बाजीगौरी मुन्शी आणि शिवगौरी गज्जर यांनी विधवांच्या शिक्षणासाठी काढली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले आणि जहाल व मवाळ यांच्यातील वादात मोडले. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या पत्रांनी रखमाबाईंवर टीकेची झोड उठवली होती, ते टिळक तेव्हा सुरतेत होते. रखमाबाईही त्याच शहरात आपल्या कामात होत्या. राजकारणाच्या इतिहासात सुरतेचे नाव त्या अधिवेशनामुळे राहिले. शहरातल्या बायाबापड्यांच्या आयुष्यात कोणत्या सुरतेने अधिक फरक पाडला, हे सांगायला वेगळा इतिहास लागेल.

१९१८ साली रखमाबाईंना सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण मिळाले. ते नाकारून त्यांनी राजकोट संस्थानातील स्त्रियांचे इस्पितळ पत्करले आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. राजकोटमध्ये रेडक्रॉसची शाखा त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. निवृत्तीनंतर त्या मुंबईला परतल्या. पडद्याच्या चालीमुळे स्त्रियांना उजेड, हवा आणि उपचार कसे दुरावतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ही चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले.

त्याआधी चार महिने, मे १९५५ मध्ये, स्वतंत्र भारताचा हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. नांदायला येण्याच्या हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली निघून गेली होती, परंतु असा हुकूम मागण्याचा हक्क नव्या कायद्याच्या कलम ९ मध्ये कायम राहिला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न अशा रीतीने आजही न्यायालयांच्या दारात उभा आहे.

इस्पितळांच्या बाबतीत मात्र काळ थोडा पुढे सरकला. १९५४ साली बंगळुरूत अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि त्याच दशकात तिथे परिचारिकांना मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे स्वतंत्र शिक्षण मिळू लागले. आपल्या गोव्यातही आल्तिनोवरील जुन्या मनोरुग्णालयाची जागा पुढे बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेने घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरवले आणि उपचारासाठी त्याची समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक केली. ज्या रुग्णाला त्या क्षणी संमती देणे शक्य नाही, त्याच्यासाठीही कमीत कमी बंधन घालण्याची अट त्यात आहे. कागदावरच्या या शब्दांना वॉर्डात अर्थ येतो तो खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेमुळे. तिच्या हाती किल्ली आहे की आधार, हे रुग्णाला सर्वांत आधी कळते. सुरतेच्या इस्पितळात रखमाबाईंनी दोन दशकांहून अधिक काळ याच विश्वासाची जोपासना केली. रात्री-अपरात्री कोणाच्या तरी घरातून एखादी अडलेली बाळंतीण मेण्यातून किंवा गाडीतून तिथे येई, तेव्हा तिला कोणत्याही हुकमाने पाठवलेले नसे.